दादाच्या घराची निगा

लुआन्शा, १४ जानेवारी २००१

प्रिय डोरिका वहिनी,

तू लुविंगूला पोचलीस हे बसच्या ड्रायव्हरकडून कळलं. आईची तब्येत बरी असेल. नसली तरी तू नर्स आहेस, बघशीलच. दादाच्या वेळी तुझ्या हाताला यश आलं नाही, आईच्या वेळी तरी येवो.

मी कपिरीहून इथे राहायला आले. थोड्या दिवसांसाठीच. रिकाम्या घराची दारं-खिडक्या लोक काढून नेतात, तुला माहीत आहे. दादाला पुरून दोन महिने होत नाहीत तोवर त्याच्या घराची चौकट बाजारात दिसली असती, तर मला कपिरीत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

पण घर बघून वाईट वाटलं, वहिनी. बावीस वर्षं खाणीत, जमिनीखाली घालवून माझ्या भावाने हे घर मिळवलं, आणि तू ते असं ठेवलंस. घरं खाणीची होती तेव्हा ठीक होतं. बल्ब गेला की खाणीचा माणूस बल्ब लावून जायचा, नळ गळला की वायसर बदलून जायचा, वर्षातून एकदा चुना. त्या लाडांनी इथल्या बायका बिघडल्या. घर आपलं झालं की हातही आपलेच चालवावे लागतात.

न्हाणीतला नळ मी दुरुस्त केला. सायकलची जुनी ट्यूब कापून वायसर केला, एक क्वाचा लागला नाही. सहापैकी चार बल्ब काढून ठेवले. फरशीला तू विकतचं लाल पॉलिश लावायचीस ना, मी मेणबत्त्यांची टोकं रॉकेलमध्ये वितळवून लावते. तोंड दिसतं त्यात. तू असतीस तर तुलाही दाखवलं असतं.

तो म्हातारा सिमुकोंडा मागच्या खोलीत फुकट राहत होता, बदल्यात कुंपण छाटतो म्हणे. मी विचारलं, "बाबा, महिन्यातून किती वेळा छाटता?"

"मॅडम, वाढेल तसं."

"आणि जेवता ते? तेही वाढेल तसं?"

हसला बिचारा. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. शनिवारी त्याची पेटी फाटकाबाहेर ठेवली. पाऊस होता म्हणून वर पोतं टाकलं, एवढी माणुसकी माझ्यात आहे.

तुझ्या कपाटाची किल्ली सापडत नाही. पाठवून दे. कुलूप तोडलं तर नवं घ्यावं लागेल, उगाच खर्च.

तुझी नणंद,
प्रिस्का


लुआन्शा, ११ फेब्रुवारी २००१

प्रिय वहिनी,

किल्ली आली नाही. हरकत नाही, कपाटाच्या बिजागऱ्या काढल्या. कुलूप शाबूत आहे.

आत तुझे दवाखान्याचे चार पांढरे झगे होते. इस्त्री करून, घडी घालून, मध्ये कागद ठेवून. आता दवाखान्याने तुलाही घरी बसवलंय, घालणार कधी? फाडून फरशी पुसायला घेतले. चांगलं सुती कापड आहे, पाणी छान शोषतं.

पुढचं गवत खणून काढलं. मक्याची वेळ गेली होती म्हणून रताळी लावली आणि कडेला भोपळा. भोपळ्याच्या पानांची भाजी आत्ताच निघायला लागलीय. शेजारची लोंबेची आई कुंपणावरून बघत होती. मला म्हणते, "डोरिकाने ते गवत किती जपलं होतं. आली की विचारेल हो."

मी म्हटलं, "का, तिला गवत खायचंय का?"

ती घरात निघून गेली. या गल्लीतल्या बायकांना फुकटचं कौतुक फार.

विजेची चूल विकली. वीज किती खात होती ती. आता कोळशाची शेगडी आहे, आणि मी मक्याच्या पिठाची न्शिमा दिवसातून एकदाच करते, सकाळची संध्याकाळी गरम करून पुरते. एकटीला किती लागतं.

एकटी म्हणजे अगदी एकटी नाही. तुमची झोपायची खोली एका शाळामास्तरला आणि त्याच्या बायकोला भाड्याने दिली. पलंगासकट दिली, पलंग असला की भाडं जास्त येतं. मास्तरची बायको विचारत होती, "यावरच गेले का ते?" मी सांगितलं, "नाही, जमिनीवर गादी होती." खोटं बोलले, पण तिची झोप वाचली. मागची खोली वेल्डिंगवाल्याला दिली. तो सकाळी जातो, संध्याकाळी येतो, पैसे पहिल्या तारखेला हातावर ठेवतो. भाडेकरू असा असावा.

न्हाणीच्या खिडकीची काच फुटलेली होती. नवी आणायला गेले तर दुकानदार सोन्याचा भाव सांगतो. घरी येऊन भिंतीकडे बघितलं. तुमच्या लग्नाच्या फोटोची काच नेमकी त्या मापाची निघाली. फोटो जपून ठेवलाय. कोपऱ्याला थोडं पाणी लागलं, तुझ्या बाजूच्या. दादा नीट आहे.

हे सगळं मी दादाच्या नावासाठी करतेय. तू तिकडे निवांत राहा.

प्रिस्का


लुआन्शा, २५ मार्च २००१

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळींचं का होईना, लिहिलंस तरी. आई गेल्याचं वाचून वाईट वाटलं. म्हाताऱ्या माणसाची सुटकाच होते. तुझ्या भावांनी झोपडी आपसात वाटून घेतली याचं मला काही नवल वाटलं नाही. भाऊ असेच असतात. माझाच तेवढा निराळा होता.

तू लिहितेस, "मागची खोली मला दे. बाकीचं घर तुझ्याकडेच राहू दे, मी कुणाला काही म्हणणार नाही." कुणाला काय म्हणणार आहेस तू? आणि खोली काय रिकामी पडलीय? वेल्डिंगवाल्याचं सांगितलं होतं मी. त्याला काढून तुला ठेवू? तू भाडं कशातून देशील? सुया टोचून?

तुला माझं कठोर वाटत असेल. आता ऐक. दहा वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याने मला बाहेर काढलं तेव्हा मी कपिरीच्या रेल्वे स्टेशनच्या व्हरांड्यात नऊ दिवस काढले. माझ्या सासरची माणसं त्याच गावात होती. माझी जाऊ रोज तिथून भाजी घेऊन जायची. पहिल्या दिवशी तिने मान वळवली, दुसऱ्या दिवसापासून वळवायचीही थांबली. मी तिला काय मागितलं होतं? खोलीसुद्धा नाही. भिंतीला लागून एक चटई टाकू दे म्हटलं होतं. म्हणाली, "एकदा टाकलीस की उचलणार कोण?"

बरोबर बोलली ती. तेव्हा राग आला होता, आता कळतं.

दहाव्या दिवशी दादा आला. स्टेशनवर उभा राहून त्याने माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, "उठ." दुपारपर्यंत दोन खोल्यांचं घर घेऊन दिलं, रोख. त्यानंतर दर महिन्याला पैसे. एक महिना चुकला नाही. खाणीत माणसं कमी करायला लागले, लोकांचे पगार थांबले, तेव्हाही त्याचे पैसे आले. तू आतून जळत असशील, मला माहीत आहे. पण त्याने तुला विचारून नाही पाठवले.

तुला पोर असतं तर मी वाकले असते. आत्याने भाच्याला घराबाहेर ठेवलं असं म्हणायला लोक टपलेले असतात. पण तुझ्यासाठी कोण काय म्हणणार? सतरा वर्षांत तू या घरात एक पाळणा हलवला नाहीस. जे आणलं नाहीस त्याच्या नावाने खोली मागू नकोस.

सिमुकोंडा परवा फाटकाशी आला होता. खोकत होता. "मॅडम डोरिका कधी येणार?" म्हणाला. मी म्हटलं, येणार नाहीत. तरी तो उभाच. मग म्हणाला, "पावसाने कुंपण फार वाढलंय. कात्री द्या, छाटून जातो. जेवायला नको." मी कात्री दिली. अर्धा दिवस छाटत होता. जेवायला नको म्हणाला होता, म्हणून मी विचारलं नाही.

तुझी,
प्रिस्का


लुआन्शा, १७ जून २००१

प्रिय वहिनी,

जूनची थंडी सुरू झालीय. तुझं काही पत्र नाही. रुसलीस तर रुस, काम थांबत नाही.

कुंपणाची झुडपं मुळासकट उपटली. परसातलं वारूळ फोडून त्या मातीच्या विटा पाडून घेतल्या आणि रस्त्याच्या बाजूने भिंत घातली. भिंत छाटावी लागत नाही, भिंतीला पाणी लागत नाही, भिंत जेवत नाही. वारुळाच्या जागी खड्डा झालाय, त्यात कचरा टाकते. कचऱ्याच्या गाडीचे पैसे वाचले.

सिमुकोंडा गेला. चर्चच्या मागच्या शेडमध्ये झोपायचा, थंडी बाधली. चर्चनेच पुरला. लोंबेची आई माझ्याकडे चादरीसाठी आली होती. मी तुझ्या सामानातली दिली, निळ्या फुलांची. तुला ती आवडायची असं ती म्हणाली. मग बरंच झालं ना, तुझ्याकडूनच गेली.

आता मोठं काम. छप्पर. ते सिमेंटचे जुने पत्रे ठिकठिकाणी तडकलेत. मार्चमध्ये मास्तरच्या पलंगावर गळत होतं, त्याने पंधरा दिवसांचं भाडं कापलं. पुढच्या पावसाळ्यात सगळं भाडं कापेल. ठिगळं लावून बघितली. डांबर लावलं, डांबरात गोणपाट बसवलं. टिकत नाही. सुतार म्हणतो, "आई, हे छप्पर नाही, चाळण आहे. नवे लोखंडी पत्रे घाला, तीस वर्षं बघायला नको." वरचे वासेही दोन किडलेत.

पैसे कुठून आणणार? मी खूप विचार केला. कपिरीचं माझं घर विकते. गिऱ्हाईक आलंय, रेल्वेतला एक माणूस. दोन घरं ठेवून दोन्हीकडे डागडुजी करत बसण्यात काय शहाणपण आहे? एकच घर धडाचं असावं. दादाने घेऊन दिलेलं दादाच्याच घराला लागलं, असं म्हणायचं.

त्याआधी घर माझ्या नावावर झालेलं बरं, म्हणून नगरपालिकेत गेले होते. कारकून म्हणाला, "कागद आणा."

"कुणाचा?"

"ज्याचं घर आहे त्याचा."

"तो वारला. मी सख्खी बहीण. तुमच्या रजिस्टरात बघा ना, कटोंगो, फिडेलिस."

"रजिस्टर बघायची फी असते."

मी उठून आले. माझ्याच भावाचं घर मला दाखवायचे हे पैसे घेणार. कागद तुझ्याकडे असणार, पाठवून दे. तुला त्याचा काय उपयोग?

मी ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, तू लिफाफा दिलास तर तो आणेल.

प्रिस्का


लुआन्शा, २ सप्टेंबर २००१

प्रिय वहिनी,

छप्पर झालं.

अठ्ठावीस पत्रे. रस्त्याच्या टोकापासून चकाकतं. खाणीवरून चालत येणारी माणसं थांबून बघतात. मास्तर म्हणाला, "आता गव्हर्नर राहायला आला तरी लाज नाही." मी त्याला म्हटलं, गव्हर्नरकडून जास्त भाडं घेईन.

सुताराच्या हाताखाली माणूस दिला असता तर दोघांची मजुरी पडली असती, म्हणून पत्रे खालून मी धरले. सतराव्या पत्र्याला शिडी सरकली. कंबरेत काहीतरी झालंय, उजवा पाय ओढत चालते. दवाखान्यात गेले नाही. तिथे जाऊन काय, गोळी देतात. हळद आणि गरम पाण्याची पिशवी चाललीय.

कपिरीचं घर गेलं. रेल्वेवाल्याने सांगितलेल्यापेक्षा कमी दिले. गरज दिसली की भाव पडतो. किल्ली दिली आणि मी मागे वळून बघितलं नाही. आता माझं जे काही आहे ते या चार भिंतींत आणि वरच्या पत्र्यांत आहे.

दादाच्या थडग्यावर सिमेंटचा चौथरा करायचा असं आपलं ठरलं होतं. दोन पोती आणूनही ठेवली होती. पण भिंतीचा पाया आणि मागच्या दाराची पायरी त्यातच झाली. पायरी रोज लागते. थडग्यावर कोण पाय ठेवणार आहे? दादा असता तर तोही हेच म्हणाला असता, त्याला वायफळ खर्च आवडत नसे. नोव्हेंबरात वर्ष होईल, तेव्हा जेवण साधं ठेवते, न्शिमा आणि सुकी मासळी. तू यायचे कष्ट घेऊ नकोस, भाड्यात उगाच पैसे जातील.

कागद तू पाठवला नाहीस. कारकुनाच्या ओळखीच्या एका माणसाने दुसरा उपाय सांगितला. सोबत एक टाइप केलेला कागद आहे. नवऱ्याच्या घरावर तुझा काही हक्क नाही आणि तू स्वखुशीने सोडतेस, असं त्यात लिहिलंय. फुलीच्या जागी सही कर. दोन साक्षीदार लागतात, तुझे भाऊ करतील.

याच्या बदल्यात मी तुला काही देणार नाही असं समजू नकोस. फोटो पाठवते. नवी चौकट घालून.

तुझी,
प्रिस्का


लुविंगू, २३ सप्टेंबर २००१

प्रिस्का,

सही केलेली नाही. कागद परत पाठवते.

घर फिडेलिसचं नव्हतं. घर माझं आहे. त्याचा कागद माझ्याजवळ पहिल्यापासून आहे, त्यावर माझं नाव आहे.

पंच्याण्णव साली फेब्रुवारीत फिडेलिस दारू पिऊन पाळीवर गेला. यंत्र त्याच्या हातात होतं. एका माणसाचा मनगटापासून हात गेला. फिडेलिसला त्याच दिवशी काढून टाकलं, वीस वर्षांचं काही मिळालं नाही. घरही गेलं असतं. मी खाणीच्याच दवाखान्यात नर्स होते म्हणून ते माझ्या नावावर केलं आणि आम्ही तिथेच राहिलो. सत्त्याण्णवमध्ये खाणीने घरं विकली ती ज्याच्या नावावर होती त्याला विकली. मला कामावरून कमी केलं तेव्हा माझ्या हिशेबातून किंमत कापून घेतली.

त्याने हे कुणाला सांगितलं नाही. रोज सकाळी हेल्मेट आणि बूट घालून घरातून निघायचा. मी डबा द्यायचे. खाणीच्या रस्त्याने जायचा आणि पुढे धरणाकडे वळायचा. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की परत यायचा. येण्याआधी कपड्यांना तिथली माती लावायचा. मी ते कपडे धुवून पुढच्या दोरीवर वाळत घालायचे, शेजारी दिसावेत म्हणून. दोन वर्षं आणि एक महिना. नंतर खाणीने हजारो माणसं घरी बसवली. इतरांच्या घरी रडारड होती. फिडेलिस त्या दिवशी पोटभर जेवला. आता तो सगळ्यांसारखा झाला होता.

तुझं कपिरीचं घर त्याने घेतलं, ते त्याच्या पैशांनी. पंच्याण्णवपासून दर महिन्याला तुला आलेले पैसे माझ्या पगाराचे होते. मी जळत नव्हते. पाकीट मीच भरत होते, पत्ता तो लिहायचा.

शेवटच्या आठवड्यात तो म्हणाला, "प्रिस्काला कळू देऊ नकोस. तिच्यासाठी मी एकटाच माणूस आहे." मी हो म्हटलं.

म्हणून मी मागची खोली मागितली. माझ्याच घरातली. मला वाटलं, एका खोलीत उरलेले दिवस निघतील, तू पुढच्या घरात भावाचं नाव घेत राहशील, आणि त्याला दिलेला शब्दही राहील. तू एक खोली दिली असतीस तर हे तुला मरेपर्यंत कळलं नसतं.

दुसरं एक सांगायचंय. तुझं मार्चचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी निघू शकले असते. जूनमध्ये तू छपराचं लिहिलंस. कपिरीचं घर विकणार हेही लिहिलंस. तेव्हा एक ओळ लिहून मी तुला थांबवू शकले असते. कागद पेन घेऊन बसले होते. मग सिमुकोंडाचं पुन्हा वाचलं, आणि ठरवलं, छप्पर होऊ दे. त्याबद्दल मला कुणाला जाब द्यायचा तो मी देईन, तुला काही सांगणं लागत नाही.

मी पंधरा ऑक्टोबरच्या बसने येते. त्याआधी निघून जा. मास्तर आणि वेल्डिंगवाला राहू देत. नगरपालिकेला आणि चौकीला पत्रं टाकली आहेत.

डोरिका कटोंगो


लुआन्शा, १२ ऑक्टोबर २००१

वहिनी,

हे पत्र लोंबेच्या आईजवळ ठेवते. तू आलीस की देईल.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग नगरपालिकेत जाऊन रजिस्टर बघायची फी भरली. तुझं नाव आहे. कारकुनाने बोट ठेवून दाखवलं. "जानेवारीत का नाही आलात, आई?" म्हणाला.

घर तुझं. पत्रे माझे. पत्रे आणि दोन वासे. काल सकाळपासून सुतार वर पत्रे उतरवत होता. चौकीतला माणूस आला होता, त्याला पत्र्यांच्या पावत्या दाखवल्या. त्याने वाचल्या, कॉलर सरळ केली आणि गेला. मास्तरने सामान शाळेत हलवलं. त्याची बायको रडत होती, पण तिचं रडू माझ्याकडे बघून थांबलं. वेल्डिंगवालाही गेला. मागच्या खोलीवरचे सहा पत्रे तसेच आहेत. ट्रकमध्ये जागा नव्हती.

आभाळ भरून येतंय दोन दिवस. तू आलीस की आधी सामान त्या खोलीत घे.

पत्रे कपिरीत विकते. त्यात स्टेशनजवळ एक खोली भाड्याने मिळेल, वर्षभराची. पुढचं पुढे. कंबर बरी नाही, ट्रकवाला पुढे बसवून न्यायचे वेगळे मागतोय, मागे पत्र्यांवर बसले तर फुकट.

माफी मागायला हे लिहीत नाही. तू गप्प बसून माझं घर घालवलंस, मी बोलून तुझं. आपण दोघी एकमेकींना पुरून उरलो. दादाचं नाव मी कुठे काढणार नाही. लोंबेच्या आईने विचारलं, काय झालं गं. मी म्हटलं, नणंद-भावजयींचं काय असतं, घरावरून बिनसलं.

एकच विचारायचं होतं. काल दुपारी मी धरणावर जाऊन आले. पाय ओढत गेले, वेळ लागला. धरण मोठं आहे. एका कडेला नुसते दगड आहेत, दुसऱ्या कडेला बायका कपडे धुतात, तिथे तो बसला नसणार, लोकांनी ओळखलं असतं. पलीकडे थोडी झाडं आहेत, पण ती चार-पाच वर्षांचीच वाटतात, तेव्हा नसतील. मी सगळा काठ फिरले. दोन वर्षं बसणारा माणूस कुठेतरी एक जागा धरत असेल ना. मला सापडली नाही.

तू कधी त्याला डबा द्यायला तिकडे गेली असशील. कुठल्या बाजूला बसायचा आणि सावली होती का, एवढं लिही. कपिरीचा पत्ता घातलेला लिफाफा सोबत आहे. तिकीट लावलंय.

प्रिस्का